नव्वद किलोंची मुभा आणि पाच नग: सिक्कीमच्या कौटुंबिक सहलीतील सामानाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ठाणे जिल्ह्यातील एका कुटुंबाने मे महिन्याच्या सुटीत सिक्कीम आणि दार्जिलिंग अशी आठ रात्रींची सहल ठरवली. घरात आई, बाबा, सत्तरीच्या आजी, दहा वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा; शिवाय सुटीला राहायला आलेला तेरा वर्षांचा आतेभाऊ. आरक्षणाचे काम माझ्याकडे असल्यामुळे सामानाची चर्चा सुरुवातीपासून माझ्या कानावर येत होती. कुटुंबाच्या संमतीने, ओळख पटेल असे तपशील वगळून, ती येथे मांडली आहे.

मार्ग नेहमीचाच होता. मुंबईहून विमानाने बागडोगरा, तेथून सुमारे सव्वाशे किलोमीटर घाटरस्त्याने गंगटोक, तेथे दोन रात्री, मग उत्तर सिक्कीममधील लाचुंगला दोन रात्री, परतताना पुन्हा गंगटोकला एक रात्र आणि शेवटी दार्जिलिंगला तीन रात्री. सामानाच्या दृष्टीने या मार्गाची अडचण अशी की एकाच सहलीत दोन-तीन ऋतू सोसावे लागतात. बागडोगऱ्याला उतरताच मेमधला मैदानी उकाडा असतो. सुमारे साडेपाच हजार फुटांवरच्या गंगटोकला दिवसा साधा सदरा पुरतो, संध्याकाळी स्वेटर लागतो. नऊ हजार फुटांच्या आसपास असलेल्या लाचुंगला रात्री तापमान एक आकडी होते आणि तेथून पुढे युमथांगच्या खोऱ्यात, म्हणजे साडेअकरा हजार फुटांच्या वर, बोचरा वारा असतो. त्यात मे महिन्यात या भागात वळिवाच्या सरी जवळपास रोजच्या असतात. म्हणजे थंडीचे कपडे न्यायचेच, पण ते भिजणार आणि लवकर वाळणार नाहीत, हेही गृहीत धरायचे.

अडचण

निघण्याच्या आदल्या रविवारी माळ्यावरून बॅगा खाली आल्या आणि संध्याकाळपर्यंत भरूनही झाल्या. दोन मोठ्या टणक ट्रॉली बॅगा, एक मध्यम ट्रॉली, आजींची स्वतंत्र बॅग, खाण्याची भलीमोठी पिशवी आणि विमानात हाताशी ठेवायच्या तीन सॅक असे आठ नग झाले. सगळे मिळून वजन ऐंशी किलोंच्या थोडे अलीकडे भरले.

येथेच पहिला निर्णयबिंदू होता आणि तो जवळजवळ निसटला होता. देशांतर्गत विमान कंपन्यांच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे प्रत्येक प्रवाशाला १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातातले सामान नेता येते. दोन वर्षांवरील मुलांचे तिकीट काढावेच लागत असल्याने चार वर्षांच्या मुलालाही ही मुभा पूर्ण मिळते. सहा जणांचे चेक-इनचेच नव्वद किलो होत होते. एकाच पीएनआरवरील प्रवाशांचे वजन सहसा एकत्र धरले जाते, तेव्हा कोणाची बॅग किती जड याचीही फिकीर नव्हती. बाबांनी हा हिशेब मांडला, सर्वांचे समाधान झाले आणि बॅगांच्या चेन लावल्या गेल्या.

सामान नियमात बसत होते, हे खरे. मात्र विमान या प्रवासाचा सर्वांत सोपा भाग होता. मी कुटुंबाला एवढेच विचारले की घराच्या दारापासून घराच्या दारापर्यंत हे सामान किती वेळा चढवावे-उतरवावे लागेल आणि त्या प्रत्येक वेळी ते उचलणार कोण. मग कागदावर यादी झाली. बागडोगऱ्याहून येणारी गाडी गंगटोकमध्ये देवराली स्टँडपाशी थांबते, तेथून सामान लहान स्थानिक टॅक्सीत घालावे लागते. हॉटेल एमजी मार्गाजवळ होते. त्या रस्त्यावर वाहनांना मज्जाव असल्याने शेवटचा टप्पा पायी आणि बराचसा पायऱ्यांचा. उत्तर सिक्कीमच्या गाड्या वज्र स्टँडवरून सुटतात, म्हणजे पुन्हा एकदा स्थानिक टॅक्सी. लाचुंगला जाताना सामान टपावरच्या कॅरिअरवर ताडपत्रीखाली बांधले जाते. परतताना हेच सगळे उलट क्रमाने, मग दार्जिलिंगचे चढ आणि शेवटी पुन्हा बागडोगरा.

आता हातांचा हिशेब. आजींचे गुडघे दुखतात, त्यांच्याकडे पर्सपलीकडे काही देता येणार नव्हते. चार वर्षांचा मुलगा पायऱ्या दिसल्या की उचलून घ्या म्हणतो, म्हणजे आईचा एक हात गेला. मुलगी स्वतःची छोटी सॅक पाठीला लावू शकत होती. एक बॅग आतेभाऊ नेईल आणि बाबा दोन. ओढूनताणून पाच नग, तेही चाकांवर विसंबून न राहता उचलता येतील असे. मोठी टणक ट्रॉली रिकामीच चार-पाच किलोंची असते आणि गंगटोकच्या पायऱ्यांवर तिच्या चाकांचा काडीचा उपयोग होत नाही. आठ नगांपैकी तीन नगांना वाहक नव्हता. हमाल मिळतात, पण पावसात, अंधार पडताना, झोपलेले मूल खांद्यावर घेऊन हमालाची वाट पाहण्यावर सगळी योजना बेतणे आईला मान्य नव्हते, आणि ते योग्यच होते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय आहे तेच सामान घेऊन जाण्याचा आणि जेथे अडेल तेथे पैसे मोजण्याचा होता. बाबांचा कल बराच वेळ तिकडे होता. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते: मुलांबरोबर प्रवास करताना एखादी वस्तू नसण्याचा ताण ओझ्यापेक्षा मोठा असतो. पण सहा माणसे बसलेल्या गाडीत आठ नग मावणार नाहीत, कॅरिअरवर चढवलेले सामान वाटेत काढता येत नाही आणि म्हणून जास्त सामान नेऊनही हवी ती वस्तू हाताशी नसणार, हे लक्षात आल्यावर हा पर्याय मागे पडला.

दुसरा पर्याय आतेभावाने सुचवला. त्याने कोणाच्या तरी व्हिडिओत पाहिले होते की चेक-इन सामान न्यायचेच नाही, प्रत्येकाने सात किलोंची सॅक पाठीला लावायची. दोन तरुण माणसांसाठी ही उत्तम पद्धत आहे. येथे सहापैकी दोघांना सॅक उचलताच येणार नव्हती, म्हणून त्यांचे कपडे उरलेल्या चौघांवर पडणार होते, आणि थंडीचे कपडे वजनाने नसले तरी आकाराने सॅक खाऊन टाकतात. हा पर्याय चर्चेत टिकला नाही. त्यातली ‘चाकांपेक्षा पाठ बरी’ ही कल्पना मात्र पुढे उपयोगी पडली.

तिसरा पर्याय माणशी एक बॅग. बहुतेक घरांत हाच रूढ असतो आणि त्याचा एक फायदा नाकारता येत नाही: आपली वस्तू आपल्या बॅगेत, शोधाशोध नाही. त्याचा दोष भरताना दिसत नाही. प्रत्येक जण आपल्यापुरते ‘असू दे, लागेल’ म्हणून एक जादा जोड, एक जादा टॉवेल, एक छत्री टाकतो, आणि सहा बॅगांत तीच सावधगिरी सहा वेळा भरली जाते. रविवारी भरलेल्या बॅगा उघडल्या तेव्हा त्यांत पाच छत्र्या, सात टॉवेल, तीन चार्जर आणि टूथपेस्टच्या चार ट्यूब निघाल्या. शिवाय लाचुंगला दोन रात्रींसाठी जाताना सहाही बॅगा उघडून त्यांतून निवड करावी लागली असती.

चौथा पर्याय मुक्कामानुसार सामान लावण्याचा, आणि तो या मार्गाला विशेष जुळणारा होता. लाचुंगहून पुन्हा गंगटोकलाच यायचे असते, त्यामुळे बहुतेक प्रवासी मोठे सामान गंगटोकच्या हॉटेलात ठेवून फक्त लागेल तेवढे वर नेतात. हॉटेलांनाही ते सवयीचे असते. तेव्हा दोन मध्यम मऊ बॅगा गंगटोक-दार्जिलिंगच्या, एक मोठी सॅक फक्त लाचुंगची आणि एक पिशवी फक्त गाडीतली, अशी विभागणी सुचली. आईची शंका एकच होती: दोन चेक-इन बॅगांपैकी एखादी विमानतळावर उशिरा आली तर? म्हणून दोन्ही मऊ बॅगांत सहाही जणांचे थोडे-थोडे कपडे ठेवायचे ठरले आणि हा पर्याय स्वीकारला गेला.

प्रत्यक्ष कृती

सगळे सामान पलंगावर काढले आणि कपाटाऐवजी दिवसांपासून सुरुवात केली. आजींनी जुन्या सुती साडीच्या नाडीच्या पिशव्या शिवल्या होत्या, एरवी डाळी-कडधान्यांसाठी. त्या या कामी आल्या. मुलांच्या प्रत्येक दिवसाचा एक जोड, म्हणजे सदरा, विजार, आतले कपडे आणि पायमोजे, एकत्र गुंडाळून एका पिशवीत गेला आणि नाडीला मुलीने रंगीत लोकर बांधली: तिची पिवळी, भावाची हिरवी. सकाळी हॉटेलात मुलाला ‘तुझी हिरवी पिशवी आण’ म्हटले की काम भागत असे आणि बाकीची बॅग उसकटली जात नसे. बाजारात यासाठी चेनवाले कप्पे मिळतात. सुती पिशवी त्याहून हलकी, आणि ती दमटपणा कोंडून ठेवत नाही.

जोड किती घ्यायचे हा दुसरा निर्णयबिंदू होता. आठ रात्रींना आठ जोड, असा आईचा मूळ हिशेब. धुण्याची सोय झाली तर तो निम्म्यावर येतो, पण गंगटोकच्या दमट हवेत खोलीत कपडे वाळत नाहीत. मार्गातच याचे उत्तर होते. लाचुंगला निघताना पहिल्या दोन-तीन दिवसांचे कपडे हॉटेलच्या धुलाईला द्यायचे आणि परत आल्यावर घ्यायचे. वाळायला दोन पूर्ण दिवस मिळतात. त्यामुळे मुलांचे पाच आणि मोठ्यांचे चार जोड पुरेसे ठरले. जीन्स पूर्ण बाद झाल्या. भिजलेली जीन्स दोन दिवस वाळत नाही आणि भरताना दोन पातळ विजारींची जागा घेते. याला तेरा वर्षांच्या मुलाचा आक्षेप होता, म्हणून एक जीन्स त्याने अंगात घालून न्यायची, अशी तडजोड झाली.

थंडीसाठी जाड कोटांऐवजी थर धरले: अंगाला चिकटणारे थर्मल, त्यावर लोकरी स्वेटर, वर वारा-पाऊस अडवणारे पातळ जॅकेट. जाडजूड जॅकेट आणि गमबूट युमथांगच्या वाटेवरच्या दुकानांत भाड्याने मिळतात. मोठ्यांसाठी त्यावर भिस्त ठेवली. चार वर्षांच्या मुलाच्या मापाचे बूट तेथे असतीलच असे सांगता येत नाही, म्हणून फक्त त्याचे बूट घरून घेतले आणि त्यांच्या पोकळीत त्याचेच पायमोजे, कानटोपी आणि हातमोजे कोंबले. आजी आणि लहान मूल सोबत असल्याने युमथांगच्या पुढे पंधरा हजार फुटांवर असलेल्या झीरो पॉइंटला जायचे नाही, हे आधीच ठरले होते. हा निर्णय तब्येतीसाठी घेतला होता, पण त्यामुळे सामानही हलके झाले.

खरी वाटाघाट खाण्याच्या पिशवीवरून झाली. तिचे वजन आठ किलो होते. चिवडा, बेसनाचे लाडू, तिखटमिठाच्या पुऱ्या, थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गूळ, लोणचे आणि सुक्या खोबऱ्याच्या दोन अख्ख्या वाट्या त्यात होत्या. खोबऱ्याचा प्रश्न नियमानेच सोडवला: सुके खोबरे तेलकट असल्याने पेट घेऊ शकते आणि म्हणून चेक-इन सामानात चालत नाही. लोणचे सुरक्षा तपासणीत अडू शकते म्हणून राहिले. भाजणी घेऊन तवा कोठे मिळणार, या प्रश्नावर आजीच हसल्या. मात्र सगळी पिशवीच रद्द करा, या बाबांच्या मताशी मी सहमत नव्हते. धाकटा मुलगा घराबाहेर मऊ भात, तूप आणि मेतकूट याशिवाय फारसे खात नाही, आणि साधा भात त्या भागात कोठेही मिळतो. पाव किलो मेतकुटाने आठ दिवसांची त्याची जेवणे सुटणार होती. बॅगेतल्या दुसऱ्या कोणत्याही पाव किलोने एवढे काम केले नसते. शेवटी मेतकूट, चटणी, लाडू आणि पहिल्या दिवसापुरत्या पुऱ्या, एवढेच राहिले.

पाण्याच्या बाटल्यांचा विचार वेगळा करावा लागला. सिक्कीममध्ये २०२२ पासून पॅकेजबंद पाण्याच्या प्लास्टिक बाटल्यांवर बंदी आहे, तेव्हा वाटेत विकत घेऊ हे चालत नाही. तीन स्टीलच्या बाटल्या घेतल्या, विमानतळापर्यंत रिकाम्या.

गाडीतली पिशवी कधीही कॅरिअरवर चढवायची नाही, असे ठरले. तीत धाकट्याचे दोन जोड, एक टॉवेल, ओले रुमाल, उलटीसाठी पिशव्या, आवळासुपारी, लिंबाच्या गोळ्या, पावसाचे रेनकोट आणि कोरडा खाऊ होता. मूळ ओळखपत्रे, त्यांच्या प्रती आणि उत्तर सिक्कीमच्या परवान्यासाठी लागणारे पासपोर्ट आकाराचे फोटो एका पाकिटात आईकडे राहिले. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या पूर्ण सहलीच्या हिशेबाने दोन ठिकाणी ठेवल्या: एक संच त्यांच्या पर्समध्ये, दुसरा मऊ बॅगेत. पॉवर बँक ट्रॉलीच्या तळाशी गेली होती. ती चेक-इनमध्ये चालत नाही, म्हणून काढून हातातल्या सामानात घातली. शेवटी लटकवायच्या वजनकाट्यावर सगळे मोजले, तेव्हा एकूण भार पन्नास किलोंच्या आत आला होता. नग पाच: दोन मऊ बॅगा, लाचुंगची सॅक, गाडीतली पिशवी आणि मुलीची छोटी सॅक. प्रत्येक चढ-उताराला नग मोजण्याचे काम आतेभावाकडे सोपवले.

परिणाम

गंगटोकपर्यंत योजना जशी आखली तशी चालली. देवरालीला पावसात गाडी बदलताना सगळे सामान एका खेपेत हलले. आतेभाऊ मोठ्याने नग मोजत होता आणि ते काम त्याने शेवटपर्यंत गांभीर्याने केले. आजींची छत्री मात्र बागडोगऱ्याच्या गाडीतच राहिली, कारण ती ‘नग’ नव्हती.

लाचुंगच्या वाटेवर धाकट्याला दोनदा उलटी झाली. दोन्ही वेळा गाडी कडेला घेऊन पाच मिनिटांत त्याला पुसून, कपडे बदलून प्रवास पुढे सुरू झाला. ताडपत्री सोडावी लागली नाही. पण त्यात गाडीच्या पिशवीतले दोन्ही जोड पहिल्याच दिवशी खर्ची पडले. ते लाचुंगला धुतले आणि अपेक्षेप्रमाणे वाळले नाहीत. तरीही दोन रात्रींसाठी सॅकमधले कपडे पुरत होते.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर चुंगथांगच्या खाली दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि गाडी माघारी लाचुंगला आली. ही तेथे अनोखी घटना नाही. आता मुक्कामवार विभागणीचा कच्चा दुवा उघडा पडला: माणशी बॅग असती तर जादा कपडे सोबत असते, येथे ते गंगटोकच्या हॉटेलात होते. मोठ्यांनी कालचेच कपडे घातले. आजींच्या गोळ्या पर्समध्ये पुरेशा होत्या. पायमोजे सर्वांचेच ओले होते आणि लहान मुलाला कोरडी विजार राहिली नव्हती. त्या रात्री तो बहिणीची थर्मल विजार तीनदा दुमडून, कमरेला पिशवीची हिरवी लोकर बांधून झोपला. त्याची तक्रार नव्हती, बहिणीची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्ता मोकळा झाला, गंगटोकला धुतलेले कपडे तयार मिळाले आणि दार्जिलिंगची एक रात्र कमी करावी लागली.

वेगळे काय करता आले असते

परतल्यावर आईने न वापरलेल्या वस्तू बाजूला काढल्या. त्यांत खेळण्यांचा डबा होता (मुले गाडीत खिडकीबाहेर पाहत किंवा झोपत राहिली), मोठ्यांचा चौथा जोड होता आणि हेअर ड्रायर होता, जो खरे तर लाचुंगला न्यायला हवा होता: पायमोजे त्याने वाळले असते. वीज असती तर, अर्थात.

लाचुंगच्या सॅकमध्ये प्रत्येकाचा एक पूर्ण जादा जोड ठेवायला हवा होता, असे बाबांचे मत पडले. मला ते अर्धेच पटते. सहा जणांचे सहा जादा जोड म्हणजे पुन्हा तीच माणशी सावधगिरी आणि बहुधा सहावा नग. अडले काय, ते पाहिले तर फक्त अंगालगतचे, पायांतले आणि धाकट्याचे कपडे अडले. दरडीच्या भागात दोन रात्रींसाठी जाताना औषधे आणि रात्रीचे डायपर दोन दिवस जादा, पायमोजे माणशी दोन जोड्या जादा, लहान मुलाच्या विजारी दोन जादा, बाकी काही नाही, असा हिशेब केला असता तर सॅकचे वजन किलोभरही वाढले नसते. बाबा अजूनही निदान मुलांचे पूर्ण जोड हवेत यावर ठाम आहेत, आणि चार वर्षांच्या मुलाचे बाप म्हणून त्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे.

गाडीतल्या पिशवीचा तर एक नियमच बदलला. तिच्यातला जोड वापरला गेला की त्याच मुक्कामी सॅकमधून दुसरा काढून तेथे ठेवायचा. परतीच्या वाटेवर ती रिकामी होती आणि दरडीमुळे गाडी थांबली नसती तरी उलटी होऊ शकली असतीच. छत्र्या, शाली, टोप्या अशा सुट्या वस्तू नगांत मोजायच्या नसतील तर त्या कोणत्या ना कोणत्या नगाला बांधायच्या, ही भर आतेभावाने घातली.

दिवाळीच्या सुटीत हे कुटुंब कोकणात स्वतःच्या गाडीने जाणार आहे. तेथे सामान डिकीतून थेट घरात जाईल, मुक्काम एकच असेल आणि रोज ऊन असेल. त्या प्रवासासाठी माणशी एक बॅगच भरा, आणि आजींना भाजणी नेऊ द्या, असे मी त्यांना सांगितले आहे.